कडेची ओळ

साहेबांनी कुबडीला लाल दोरी बांधली आणि मावशी हातातलं काम टाकून पुढे आल्या.

लाल दोरी म्हणजे संपलं. त्या वाणाचं बी पुढे जपायचं नाही, पेरायचं नाही. संशोधन केंद्राच्या थंड खोलीत बियाण्यासाठी जागा दहा डब्यांची आणि मक्याचे वाण सतरा. तेव्हा संकरासाठी कोणते आईबाप ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा, हे साहेब सकाळपासून ओळीओळीतून हिंडून ठरवत होते. त्यांच्या वहीत सगळ्या वाणांना आकडे होते. मावशींनी वीस वर्षांत एकालाही आकड्याने हाक मारली नव्हती. कंबरेत वाकलेली ती कुबडी. ज्याचा तुरा सगळ्यांच्या मागून डोकं वर काढतो तो आळशी. आळशीला तर सकाळीच दोरी लागली होती.

"साहेब, हिला अजून एक वर्ष द्या की."

"दर वर्षी तुम्ही हेच म्हणता, मावशी. सहा वर्षं झाली. चांगल्या चांगल्या वाणांबरोबर लावून बघितली. निघालं काही? ढिम्म काही नाही."

"दिसायला मेली बारीक आहे म्हणून..."

"दिसण्यावर मी जातच नाही. आईबाप वाण सगळे असेच मरतुकडे असतात. लेकरं कशी निघतात ते मी बघतो. आणि हिची लेकरं बघितलीत ना?"

बघितली होती.   पण मावशींच्या पोटात एक गोष्ट गेल्या हंगामापासून ढुशा देत होती.

तुऱ्यावरची कागदी पिशवी काढायची, तिच्यात साठलेले पराग ठरलेल्या वाणाच्या कणसावर झटकायचे, कणीस झाकायचं, वर तारीख घालायची. हे काम त्यांचे हात आपोआप करत. गेल्या वर्षी भर उन्हात कुबडीचं एक कणीस झाकून झालं आणि मग त्यांना कळलं, की झटकलेली पिशवी आळशीची होती. साहेबांचा नियम साधा होता. चुकलं, की कणीस तिथंच मोडून टाकायचं आणि वहीत लिहायचं. "आमच्या मावशींचं चुकांचं पान बघा, वीस वर्षं कोरं आहे," असं साहेब येईल त्या नव्या माणसाला कौतुकाने दाखवत. त्या कोऱ्या पानापायी मावशींनी काही लिहवून घेतलं नाही. मोडायला गेल्या, तर हात धजेना. कापणीच्या वेळी ते कणीस जेवणाच्या डब्यातून घरी गेलं, आणि या हंगामात कडेच्या ओळीला बी कमी पडलं तेव्हा गुपचूप परत आलं. कडेची ओळ उरल्यासुरल्या बियाण्याची, पाखरांनी खायची आणि वाऱ्याने मोडायची. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आता बोलावं, तर वीस वर्षांची अब्रू जाणार. न बोलावं, तर कुबडी जाणार. मावशींनी दोन पावलं टाकली, थांबल्या, पुन्हा टाकली.

"साहेब, जरा कडेला चला."

कडेच्या ओळीतली शेवटची वीस पावलं वेगळीच होती. मक्याची ताटं पुरुषभर उंच, सगळी मापून कापल्यासारखी एका उंचीची. मावशींनी एक कणीस सोललं. टोकापर्यंत दाणे, बोट ठेवायला जागा नाही.

"कडेला सगळंच जोमात येतं, मावशी. ऊन मिळतं, मोकळी हवा मिळते. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"मग ही अलीकडची पण कडेचीच आहेत की. ती का नाही आली?"

साहेबांनी अलीकडे बघितलं. छातीएवढी ताटं, एक उंच तर एक बुटकं. पलीकडे बघितलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"हे बी कुठलं?"

मावशींनी पायांकडे बघत सगळं सांगितलं.

"अहो, मी तुमचं पान लोकांना दाखवत फिरतो आणि तुम्ही..."

"खोटं नाही हो लिहवलं मी. लिहवलंच नाही."

 साहेबांनी दुसरं कणीस सोललं. तिसरं सोललं.  सातव्या कणसाला साहेब हसायला लागले.

"कुबडी आणि आळशी! अहो, मी जन्मात यांची गाठ घातली नसती."

"म्हणून तर हे जमायचं राहिलं होतं ना."

"हुरळून जाऊ नका. वीस पावलांवरून काही ठरत नाही. पुढच्या वर्षी नीट लावू, चार ठिकाणी लावू, मग बोलू."

एवढं ठणकावून साहेब मागे फिरले ते थेट कुबडीपाशी. दोरी सोडली. मग आळशीची सोडली. दोन डबे कुठून काढायचे या विचाराने मान खाजवली आणि बांधावर बसून काखेतली जाडजूड वही उघडली. मागची पानं उलटत उलटत ते मावशींच्या कोऱ्या पानाशी थांबले. नियम तो नियम. गेल्या वर्षीची तारीख टाकून त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "कुबडीवर आळशीचे पराग. चुकून."

साहेबांच्या वहीत आकड्याऐवजी नाव पहिल्यांदाच आलं होतं.

"पराग चुकून पडले," मावशी म्हणाल्या. "कणीस मोडलं नाही, ते चुकून नाही. तेही लिहा."

साहेबांनी तेही लिहिलं.

मावशींनी पानाकडे बघितलं. डोळे भरून आले, ते त्यांनी मनगटाने पुसले.

"गेलं माझं कोरं पान."

"जाऊ द्या," साहेब वही मिटत म्हणाले. "आता खरं दाखवण्यासारखं झालं."