रात्रंदिवस चालू

परगावी स्थायिक झालेल्या दोन्ही लेकींचे बँकेपासून वीजबिलापर्यंतचे सर्व पासवर्ड तात्यांच्या घरातील जुन्या संगणकावर सुरक्षित असत; तो चालू असला, की दोघी आपापल्या गावाहून इंटरनेटवरून ते उघडत. रात्री निजण्यापूर्वी तात्या तो संगणक शिस्तीने बंद करीत आणि सकाळी, चूळ भरण्याच्याही आधी, पुन्हा सुरू करीत. पत्नीच्या पश्चात त्या रिकाम्या घरात आपण कोणाच्या तरी उपयोगी पडत आहोत, हे समाधान त्यांना एवढ्यानेच लाभत असे.

परंतु आपले काही बरेवाईट झाले तर लेकींचे अडेल, या विचाराने त्यांना घेरले. अखेर मनावर दगड ठेवून त्यांनी ते सारे भांडार भाड्याच्या, रात्रंदिवस चालू राहणाऱ्या नव्या सर्व्हरवर हलवले, एकेक पासवर्ड उघडून पडताळला आणि दोघींना नवा पत्ता कळवला. मग जुन्या संगणकाचा प्लग काढला. त्याची घरघर थांबली, तसे घर खायला उठले.

थोरलीने नुसता अंगठा पाठवला. धाकटीचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"तात्या, ते पुन्हा घरच्या संगणकावर आणा ना."

"का गं? उघडत नाही की काय?"

"उघडतं. केव्हाही उघडतं."

"मग बिघडलं कुठे? आता माझ्यावाचून तुमचं काही अडायचं नाही."





"तात्या, मला रोज कुठले पासवर्ड लागतात? सकाळी ते उघडलं, की तुम्ही उठलात एवढं कळायचं."