सुंदराबाईचे शंभर मार्क

मंगळवारी दुपारी खुशालराव बार्शीटाकळीच्या शाळेत मधल्या सुटीची घंटा देऊन आला, तेव्हा मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी त्याला आधी बसायला सांगितलं. मग सांगितलं. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये त्याच्या बायकोचा, सुंदराबाईचा, पदर मशीनच्या पट्ट्यात गेला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला सव्वीस दिवस झाले. आज रविवार होता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्याच्या घरी शेजारची आशाबाई आली आणि उंबऱ्यातच थांबली. ती त्याच मिलमध्ये, सुंदराबाईच्याच पट्ट्यावर कामाला होती. हातात मोबाइल होता. मिलमधून मेसेज आला होता. सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण सगळ्यांनी पुन्हा करायचं. उद्या सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत घेणार नव्हते.

"भाऊजी, अशा दिवसात तुमाले सांगू नये," ती म्हणाली. "पण दाबून द्या ना. मागल्या वर्षी देल्लं तसं."

मागच्या वर्षी त्यानं दाबून दिलं होतं. व्हिडिओ पुढे पळवता येत नसे. म्हणून तो फोन माठाला टेकवून ठेवायचा, आवाज बंद करायचा आणि जेवायला बसायचा. शेवटी दहा प्रश्न येत. चुकले तर पुन्हा सोडवता येत. तिसऱ्या खेपेला सगळे बरोबर यायचे. सुंदराबाईचंही त्यानं असंच केलं. ती भाकर थापत होती. पहिल्या खेपेला दहापैकी चारच आले, तेव्हा ती हसली. म्हणाली, शाळेत नुसती घंटाच देता वाटते, मले नापास करून राहिले. मग शंभर टक्के आले. ते सर्टिफिकेट तिनं अमरावतीला मुलीकडे पाठवायला लावलं.

तेरावं झाल्यावर एका दुपारी त्यानं तिच्या मोबाइलवर तो व्हिडिओ लावला. आवाज सुरू ठेवून. बावीस मिनिटांचा होता. साध्या मराठीत होता. एक बाई सांगत होती, पदर खोचून घ्या, वरून सदरा घाला. पट्ट्यात काही अडकलं तर आधी लाल बटन दाबून मशीन बंद करा. हे नवव्या मिनिटाला होतं. तेव्हापासून तो रोज पाहत होता.

आशाबाईनं फोन पुढे केला. त्यानं घेतला नाही.

"बसा," तो म्हणाला. "आपण पाहू."

"माहा सैपाक पडला हाय, भाऊजी. वरणाले फोडणी द्याची हाय."

"बावीस मिनिटं लागतात."

ती बाजेच्या कडेला बसली आणि त्यानं तिच्याच फोनवर व्हिडिओ लावला. पहिली काही मिनिटं तिचं अर्धं लक्ष घराकडे होतं. व्हिडिओतल्या बाईचे कपडे इस्त्रीचे होते आणि मशीनवर धूळ नव्हती. हिले एक दिवस आमच्या मिलमधी पाठवा म्हणावं, नाकातून तुरीची डाळ निघन, असं आशाबाई म्हणाली. तो हसला नाही, पण रागावलाही नाही. नवव्या मिनिटाला त्यानं व्हिडिओ थांबवला.

पट्ट्यात पोत्याची सुतळी अडकली तर आधी काय करता, असं त्यानं विचारलं.

ओढून काढतो, ती म्हणाली. काडीनं, नाहीतर हातानं. थांबलं की मुकादम ओरडते.

"अन् ते लाल बटन?"

"ते मिस्तरीचं हाय. त्याले आपण हात नाही लावाचा. मोटर बिघडली तं आपल्यावर येते."

"सुंदरा बी असंच समजे?"

आशाबाईनं मान खाली घातली. आमी साऱ्याच, ती म्हणाली. मग तिनं हळूहळू सांगितलं. बटन सुंदराबाईच्या मागे, दोन हातांवर होतं. ती ओरडली तेव्हा आशाबाई मिस्तरीला बोलवायला पळाली. त्या बटनासमोरूनच पळाली. मिस्तरी चहाला गेला होता.

हे तिनं आतापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. 

"तुमचा कसूर नाही, आशाबाई," तो म्हणाला. "तिचे शंभर मार्क माहे होते. तुमचे बी माहेच होते."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"ते बटन मिस्तरीचं नाही. ज्याले पहिले दिसन, त्यानं दाबाचं."

त्यानं व्हिडिओ पुढे सुरू केला. शेवटी प्रश्न आले. त्यानं फक्त वाचून दाखवले. बोट तिचं होतं. ती प्रत्येक उत्तराआधी त्याच्या तोंडाकडे पाही आणि तो भिंतीकडे पाही. दहापैकी सहा आले. पास व्हायला आठ लागत होते.

"दोनच तं कमी पडले," ती म्हणाली. "तेवढे द्या दाबून."

खुशालरावानं व्हिडिओ पहिल्यापासून लावला. आशाबाईनं दारातून घराकडे हाक दिली, वरणाला फोडणी घालून घ्यायला सांगितलं आणि बाजेवर नीट मांडी घालून बसली.

त्या पट्ट्यावर आणखी चौघी कामाला होत्या. मागच्या वर्षी त्यांचीही सर्टिफिकेटं त्यानंच काढून दिली होती. सकाळी सातला पाळी सुरू होणार होती. त्या चौघींकडे तो अजून गेला नव्हता.