आठ दिवस

हेल्मीने लोखंडी आकडा बांधाच्या दारातल्या फळीच्या कडीत अडकवला आणि सगळा जोर लावून ओढला. फळी हलली नाही. पलीकडून अख्खं सरोवर तिच्यावर रेलून होतं.

"आर्वो, हात लाव," ती म्हणाली.

आर्वो बांधाच्या कठड्याशी उभा होता. फळ्या घालणं-काढणं हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तोच करत होता. तो जागचा हलला नाही.

"सरोवर चढून माझ्या तळघरात घोट्याच्या वर पाणी आलंय. भट्टी विझली तर घर गारठेल. रात्री अजून बर्फ धरतंय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, ताई."

"मग? तीन फळ्या काढल्यास की उद्यापर्यंत पाणी हातभर उतरतं. मी काय जगावेगळं मागतेय?"

काठावरच्या खडकाळ उथळ पाण्यातून जोलीन वर आली. ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीच्या मत्स्य खात्यात ती काम करायची. तिचे हात गारठून लाल झाले होते आणि हातातल्या पांढऱ्या वाडग्यात मोहरीएवढी अंडी होती. तिने वाडगा दोघांपुढे धरला. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसत होते.

"आत डोळे दिसू लागलेत," ती म्हणाली. "वॉलआय माशांची अंडी आहेत, हेल्मीबाई. खडकांत सगळीकडे पडलीत, आणि तिथे गुडघाभरही पाणी नाही. ते उतरलं की उन्हात सुकतील. मागची दोन वर्षं थंडीने पिल्लं जगली नाहीत. यंदाही गेली तर पुढे ना आमची जाळी पडतील, ना तुमचे गळ."

"पिल्लं बाहेर यायला किती दिवस?" आर्वोने विचारलं.

"आठेक."

"माशांच्या पोरांना आठ दिवस," हेल्मी म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीला आठ मिनिटं नाहीत!"

आर्वोने पुढे होऊन कडीतून आकडा सोडवला. क्षणभर तिला वाटलं, आता हात लावेल. त्याने तो खांद्यावर टाकला, खोपटात ठेवला आणि कुलूप घातलं.

हेल्मी त्याच्याकडे बघत राहिली. मग गाडीत बसून निघून गेली.

तासाभराने आर्वो पंप घेऊन तिच्या घरी गेला. तिने दार उघडलं नाही. तो मागच्या बाजूने तळघरात उतरला. भट्टी चालू होती. पाणी भट्टीच्या तळापासून चार बोटं खाली होतं. पंप थोडा वेळ चालला, गाळ ओढून बंद पडला. आर्वो बादलीने उपसू लागला. भरायची, पायऱ्या चढायच्या, बाहेर ओतायची, परत उतरायचं. चाळिसाव्या बादलीनंतर त्याने मोजणं सोडून दिलं. पाणी तिथेच होतं, पण वर चढत नव्हतं.

आतल्या जिन्यावर पावलं वाजली. मेलेल्या नवऱ्याचे गमबूट घालून हेल्मी खाली येत होती. हातात दुसरी बादली. ती पाण्यात उतरली.

"आठ दिवस म्हणाली ना ती?"

"थंडी पडली तर दहाही."

हेल्मीने बादली भरून त्याच्या हातात दिली.

"मग असा वाकून उपसू नकोस," ती म्हणाली. "चौथ्या दिवशीच मोडशील."