विष्णुपंतांची वेबसाइट

१९९९ साल. सांगलीच्या हळद पेठेत दर सौद्यावर अडत कापून घेणाऱ्या विष्णुपंतांना क्रांतीनं वेबसाइट करून दिली. तीन हजार मागायला ती सातव्यांदा गेली, तेव्हा ते म्हणाले, "हातात धरता येत न्हाई, त्येचं कसलं पैसं गं?"

तिचं डोकं सटकलं. त्याच वेबसाइटवर तिनं मोठ्या लाल अक्षरांत टाकलं, 'विष्णुपंतानं माझे तीन हजार बुडवले.'

पेठेत इंटरनेट फक्त क्रांतीच्याच सायबर कॅफेत. माणशी तीस रुपये मोजून सगळी पेठ ते वाचून गेली. आठवड्यात त्यातूनच तीन हजार वसूल झाले.

आठव्या दिवशी विष्णुपंत स्वतः आले, हात पुढं करून म्हणाले,



"गिऱ्हाईक माझ्या नावावर आलं न्हवं? मग माझी अडत काढ."