लेम्पीच्या सायकलचा चिमटा

"हलत नाही," रेइनो म्हणाला.

सायकलचा, पुढचं चाक धरणारा चिमटा त्यानं स्वयंपाकघरातल्या फरशीवर उभा धरला होता. दोन्ही तळहातांनी त्यानं अंगाचा सगळा भार वरून टाकला. चिमटा तसूभरही दबला नाही.

चिमटा लेम्पीचा. लेम्पी म्हणजे रेइनोची बायको. तांब्याच्या बंद खाणींमागच्या डोंगरवाटांवरून ती या सायकलवर अशी उतरायची, की बर्चच्या झाडांनी आपणहून बाजूला सरावं. चिमट्याच्या दोन्ही पायांत रबराचे गट्टू होते, एकावर एक रचलेले. दगड आला की दबायचे, दगड गेला की उसळायचे. लेम्पी गेली, त्याला हा दुसरा हिवाळा. तेव्हापासून सायकल गॅरेजच्या भिंतीवर लटकत होती, आणि रेइनो खिडकीजवळच्या खुर्चीत.

लेक काइसा काल शहरातून आली. सायकलदुरुस्तीचं तिचं स्वतःचं दुकान होतं तिथं. आल्या आल्या तिनं चिमटा सोडवला आणि आज सकाळपासून ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून तो उघडून बसली होती.

"नवे सील घातले, ग्रीस भरलं," ती हात पुसत म्हणाली. "गट्टूच मेलेत, बाबा. असले आता मिळत नाहीत. देते भंगारात टाकून."

"भंगारात?"

"मग काय, देव्हाऱ्यात बसवू?"

"एवढं दुकान चालवतेस," रेइनो उसळला, "लोक रांगा लावतात म्हणून सांगतेस, आणि आईचा चिमटा दुरुस्त करता येईना होय तुला? म्हातारा झाला म्हणून टाकायचा?"

"म्हातारा झाला म्हणून नाही. हलत नाही म्हणून."

रेइनोनं तिच्याकडे पाहिलं. ती ग्रीसच्या डबीचं झाकण लावत होती.

त्यानं नजर खिडकीबाहेर वळवली. अंगणाच्या टोकाला त्यांचा सौना होता. वाफेच्या आंघोळीचं लाकडी खोपटं, आत दगडांची भट्टी, बसायला वर खाली दोन फळ्या. उंबऱ्यापर्यंत बर्फ चढला होता. शनिवार होता. शनिवारी दुपारी गल्लीतल्या एकेका अंगणातून धूर निघायचा. लोक घाम काढायचे, गप्पा मारायचे, एकमेकांकडे कॉफीला जायचे. रेइनोच्या अंगणातून लेम्पी गेल्यापासून धूर निघाला नव्हता. एकट्यासाठी कोण लाकडं जाळतं, असं म्हणून तो घरातच आंघोळ उरकायचा. शेजारचा आर्वो बोलावून दमला. काइसानं फोनवर मिनत्या केल्या, रागावून पाहिलं. आता तीही तो विषय काढत नसे.

"मेले नाहीत गं ते," रेइनो म्हणाला. "गारठलेत. थंडीत हे रबर दगड होतं. तुझी आई ऐन हिवाळ्यात चिमटा सौनात न्यायची. वरच्या फळीवर निजवायची, लेकरासारखा."

"मग?"

एवढंच म्हणाली काइसा. मग कॉफीच्या कपाकडे वळली.

रेइनो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. सरोवरावरून आलेला वारा काचेला लागून गेला. मग तो उठला, अंगात कोट चढवला आणि फावडं शोधायला लागला.

वाट काढता काढता त्याला धाप लागली. दार गोठलं होतं, त्याला खांदा द्यावा लागला. बर्चची साल मात्र पहिल्या काडीलाच पेटली. धूर आधी बिचकला, मग सरळ वर चढला.

"रेइनो!" कुंपणापलीकडून आर्वो ओरडला. "आग लागली की काय रे?"

"आंघोळ करतोय, गाढवा! ये! टॉवेल तुझा तू आण!"

आर्वो खरंच आला. दगड लाल झाले. रेइनोनं त्यांवर पाणी टाकलं, वाफ छतापर्यंत उठली. चिमटा वरच्या फळीवर दोन म्हाताऱ्यांच्या मधे निजला होता. काही वेळानं रेइनोनं तो कापडात धरून उभा केला आणि हलकेच दाबला. चिमटा खाली बसला. हात सैल सोडताच वर आला. पुन्हा बसला, पुन्हा आला. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. आर्वोनं दगडांवर आणखी पाणी टाकलं. वाफेत डोळ्यांचं पाणी कुणाला दिसतं!

"काइसा!" रेइनो दारातूनच ओरडला. "बघितलंस का, दुकानदारीणबाई?"

"शिकले हो, बाबा!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

भट्टीजवळचं पाणी संपलं म्हणून तो टॉवेल गुंडाळून, वाफाळत्या अंगानं घराच्या मागच्या पायरीवरची बादली आणायला गेला. बादली रिकामी नव्हती. तिच्यात बर्फ दाबून बसवला होता. बर्फात गोल गोल भोकं होती, बरोबर गट्टूच्या मापाची. भोकांच्या कडांना ताजं ग्रीस लागलं होतं.

सकाळपासून उबदार स्वयंपाकघरात असलेला चिमटा आपोआप गारठेल कसा, हा प्रश्न रेइनोला आत्ता सुचला.

आत काइसा वेलदोड्याचा पाव कापत होती. तिघांसाठी कप मांडले होते. तिचं लक्ष नव्हतं.

रेइनोनं बादली उपडी केली. मग ओंजळी भरभरून ताजा बर्फ घेतला, नीट दाबून बसवला, आणि पुढच्या शनिवारसाठी ती होती तिथंच ठेवून दिली.