एंटरचा खटका

बाबा जायच्या आदल्या दिवशीही भूमिकाने इंद्रलोक सोसायटीतल्या घरातून ऑफिसची मीटिंग ऐकता ऐकता लॅपटॉपवर नेहमीची एका ओळीची कमांड लिहिली, एंटर मारला आणि स्वयंपाकघरातल्या बाबांच्या फोनवर निरोप धाडला : ‘चहा’.

कप घेऊन आलेले बाबा म्हणाले, “बाईसाहेब, एवढ्या जोरात बटण आपटता, पार ओट्यापर्यंत ऐकू येतं. त्यापेक्षा हाक मारा की!”

तेराव्यानंतर सवयीने तिने पुन्हा एंटर मारला. ओट्यावरचा फोन गप्पच राहिला. तिने तो उघडून पाहिला. बाबांनी दिवाळीपासून तिच्या निरोपांचा आवाजच बंद करून ठेवला होता, एकही निरोप उघडलेला नव्हता. चहा मात्र रोज आला होता.

 

“बाबा,” ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली, “आलं जरा जास्त असायचं, पण चहा फक्कड व्हायचा हं तुमचा.”