पहिला हात

गावात चोरी झाली की सगळ्यांनी देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, ही आमची रीत. खोटी शपथ घ्यायला आजवर कुणी धजावलं नव्हतं. यंदा मुखवटाच गेला, मग शपथ घ्यायची कशावर? तो पुंडलिक गुरवाच्या घरी भाताच्या कणगीत लपवलेला असायचा. पुंडलिकने अन्न टाकलं. लोक हळहळले.

शिमग्याच्या तोंडावर वडखळला टोळी पकडली गेली. मुखवटा गावात आला, ढोल वाजले. पुंडलिकच्या बायकोने, सीताबाईने, देवीला ओवाळलं.

मग हैबतराव पाटील बोलले, "चोरांनी घरात शिरून थेट कणगीत हात घातला. जागा कुणीतरी आपल्यातल्यानंच सांगितली. नाव चोर सांगत नाय. पण आता देवी हाय."

सगळा गाव रांगेला लागला. पाटलांनी पुंडलिकला हाताला धरून मुखवट्यासमोर आणलं.

"चल गुरवा. पयला मान तुजा."

पुंडलिक तसाच उभा. मागे रांग खोळंबली.

सीताबाई हसत म्हणाली, "अवो, मूठ उघडा की."